पेसमेकरची फेरजुळणी आणि शरीराची सवय

पेसमेकर बसविलेला रुग्ण सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणीला जातो. गळपट्टीच्या हाडाखाली, जेथे कातडीला थोडा फुगवटा असतो, तेथे एक चपटे साधन ठेवले जाते. शेजारच्या पडद्यावर आकडे उमटतात. तंत्रज्ञ त्यांतील एक-दोन बदलतो, डॉक्टर मान हलवतात आणि अर्ध्या-पाऊण तासात रुग्ण बाहेर येतो. त्याच रात्री उशीवर कान टेकला की त्याला आपले ठोके ऐकू येऊ लागतात. कधी जिन्यावर छाती उगाच धडधडते, कधी दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते. घरी सांगितले तर 'मशीन उत्तम चालू आहे असे डॉक्टर म्हणाले ना?' असे उत्तर मिळते. मग तो सांगणेच सोडून देतो.

प्रस्तुत लेख या सांगणे सोडून देण्याविषयी आहे. पेसमेकरची जुळणी तपासणीच्या खोलीत संपते असा आपला समज असतो. वस्तुतः पडद्यावर भरलेला नवा आकडा हा एक चांगला अंदाज असतो. तो त्या माणसाला मानवला की नाही, हे पुढच्या काही दिवसांत त्याच्या चालण्या-झोपण्यावरूनच कळते. ती माहिती यंत्राच्या स्मृतीत पुरती साठत नाही, ती रुग्णाच्या तोंडून यावी लागते. आजोबांना तपासणीला घेऊन जाणारे बहुधा घरातील कॉलेजात शिकणारे नातवंडच असते, म्हणून हा विषय या अंकात मांडावासा वाटला.

प्रथम थोडे शरीरशास्त्र. हृदयाला चार कप्पे: वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. (नव्या पाठ्यपुस्तकांत यांना अलिंद व निलय म्हणतात, आमच्या कन्नड विभागातील मित्र हृत्कर्ण आणि हृत्कुक्षि म्हणतात. शब्द तीन, कप्पे तेच.) उजव्या कर्णिकेच्या माथ्याशी साइनस नोड नावाचा पेशीपुंज आहे. त्याचा शोध कीथ व फ्लॅक यांनी १९०७ साली लावला. तो ठरावीक अंतराने सूक्ष्म विद्युत्-स्पंद सोडतो. त्याने आधी कर्णिका आकुंचन पावतात, मग कर्णिका व जवनिका यांच्या सीमेवरील दुसऱ्या गाठीत स्पंद किंचित रेंगाळतो आणि नंतर खाली जवनिकांत पसरतो. ही दुसरी गाठ १९०६ मध्ये जपानी संशोधक तावारा यांनी वर्णिली. ते किंचित रेंगाळणे महत्त्वाचे आहे, कारण तेवढ्या वेळात वरचे रक्त खाली भरून येते. पहिली गाठ मंदावली किंवा दोहोंमधला मार्ग तुटला, की ठोके कमी पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कोसळतो. अशा वेळी पेसमेकर लागतो.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर संपूर्णपणे आत बसविण्यात आला. शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचे ते काम. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. परंतु लार्सन पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलीत २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आपल्या शल्यचिकित्सकाहून आणि अभियंत्याहूनही अधिक काळ. त्या वेळच्या यंत्राला एकच चाल ठाऊक होती. १९६० च्या दशकातील काही यंत्रांत बदल करायचा तर कातडीतून सुई खुपसून आतील स्क्रू फिरवावा लागे. १९७० च्या दशकाच्या आरंभी बाहेरून, कातडीला धक्का न लावता, आकडे बदलता येऊ लागले आणि तेव्हापासून 'सेटिंग' हा शब्द रुग्णांच्या बोलण्यात आला. बदलण्याजोग्या गोष्टी इतक्या वाढल्या की १९७४ मध्ये यंत्राच्या कार्यपद्धतीसाठी तीन अक्षरांची सांकेतिक लिपी करावी लागली आणि पुढे ती पाच अक्षरांची झाली. रुग्णाच्या कार्डावर व्हीव्हीआय, डीडीडी, डीडीडीआर असे जे लिहिलेले असते ती हीच. पहिले अक्षर कोणत्या कप्प्याला स्पंद द्यायचा ते सांगते, दुसरे कोणत्या कप्प्याचे ऐकायचे ते, आणि तिसरे ऐकल्यावर काय करायचे ते.

आता बदलांकडे वळू. सर्वांत वारंवार होणारा बदल रुग्णाला मुळीच जाणवत नाही, आणि तरीही तोच त्याला सर्वांत जास्त घाबरवतो. तो म्हणजे स्पंदाचा दाब, अर्थात व्होल्टेज, कमी करणे. यंत्र नवे बसविले असता तारेच्या टोकाशी हृदयाच्या स्नायूला थोडी सूज असते, म्हणून पहिले काही महिने जादा व्होल्टेज ठेवतात. पुढे सूज ओसरते. मग तपासणीत व्होल्टेज पायरीपायरीने उतरवून हृदय किती कमीवर प्रतिसाद देते ते पाहतात आणि साधारणतः त्याच्या दुप्पट ठेवून बाकीचे कमी करतात. या चाचणीत एखादा ठोका गळतो, क्षणभर डोके हलके होते, ते तेवढ्यापुरतेच. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. स्पंदाची ऊर्जा म्हणजे व्होल्टेजचा वर्ग गुणिले काळ भागिले रोध. रोध ५०० ओहम आणि काळ ०.४ मिलिसेकंद धरला, तर ३.५ व्होल्टला ९.८ मायक्रोज्यूल आणि २.५ व्होल्टला ५ मायक्रोज्यूल. दाब एका व्होल्टने उतरविला की प्रत्येक ठोक्याचा खर्च निम्म्यावर येतो. मिनिटाला ६० या गतीने दिवसाचे ८६,४०० ठोके होतात हे लक्षात घेतले, म्हणजे ही काटकसर बॅटरीला का मानवते ते कळेल. (यंत्राचे स्वतःचे मंडलही वीज खाते, तेव्हा बॅटरीचे आयुष्य सरळ दुप्पट होत नाही.) 'करंट कमी केला' हे शब्द ऐकून ज्यांना अशक्तपणा वाटू लागतो, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा. जादा व्होल्टेजमुळे क्वचित छातीच्या स्नायूला किंवा श्वासपटलाला झटके बसतात, ठोक्याबरोबर उचकी लागल्यासारखे होते. व्होल्टेज उतरविल्यावर तो त्रास उलट थांबू शकतो.

दुसरा बदल मूळ गतीचा. ही यंत्राची खालची मर्यादा: हृदय स्वतः यापेक्षा सावकाश चालू लागले की यंत्र मदतीला येते. ती ६० वरून ७० केली, तर सर्वस्वी यंत्रावर अवलंबून असलेल्या माणसाचे दिवसाला १४,४०० ठोके वाढतात. पहिल्या रात्री ते जाणवले तर नवल नाही. उलट ७० वरून ६० केली, तर दोन ठोक्यांमध्ये हृदय अधिक भरते, प्रत्येक ठोका जड लागतो आणि 'हृदय आपटते आहे' अशी तक्रार येते. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत विरून जातात.

येथे सवय म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. आपण एकाच शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली सवय रक्ताभिसरणाची. मानेतील धमन्यांत दाब मोजणारे मज्जातंतू असतात. गती बदलली की ते रक्तवाहिन्यांचा ताण नव्याने जुळवू लागतात, आणि हे काम लगेच सुरू होते. दुसरी सवय लक्षाची. नव्या घरातील घड्याळाची टिकटिक आठवडाभर ऐकू येते आणि मग येईनाशी होते, तसे हे आहे; मात्र माणूस घाबरलेला असेल तर ती टिकटिक महिनाभरही ऐकू येते. तिसरी सवय हृदयाच्या स्नायूची, आणि ती मोठी विलक्षण आहे. यंत्राचा स्पंद उजव्या जवनिकेतून पसरतो तेव्हा तो नैसर्गिक वाटेने जात नाही. काही काळ असे चालले आणि मग स्वतःचा ठोका परत आला, तरी विद्युत्-आलेखातील टी तरंग कित्येक दिवस, कधी आठवडे, उलटाच राहतो. अर्जेंटिनाचे रोझेनबॉम यांनी १९८२ मध्ये याला हृदयाची स्मृती असे नाव दिले. गंमत म्हणून हे सांगत नाही. तपासणीत यंत्राचा वापर कमी केलेला रुग्ण पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावी वेगळ्याच कारणासाठी आलेख काढतो, उलटे तरंग पाहून तेथे हृदयविकाराच्या झटक्याची शंका येते, आणि सगळे घर धावपळ करते. शंका तपासून घेतलीच पाहिजे, परंतु यंत्राचे कार्ड आणि बदलाची तारीख दाखविली तर डॉक्टरांना अर्थ लावणे सोपे जाते.

यंत्राचा वापर मुळात कमी का करतात? २००२ व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांतून असे दिसले, की उजव्या जवनिकेला गरज नसताना सतत स्पंद देत राहिल्याने काही रुग्णांत हृदय दुबळे होण्याचा धोका वाढतो. तेव्हापासून ज्यांचा स्वतःचा ठोका बरा आहे त्यांच्या यंत्राला 'थांब, आधी त्याची वाट पाहा' असे शिकविले जाते. अशा यंत्रात कर्णिका व जवनिका यांमधील अंतर कधी लांबते, एखादा ठोका गळूही दिला जातो. रुग्णाला तो चुकल्यासारखा वाटतो. यंत्राच्या लेखी ते ठरल्याप्रमाणे असते.

आता ज्या बदलाविषयी सर्वांत जास्त गोंधळ होतो तो. धडधाकट माणूस चालू लागला की नाडी आपोआप वाढते. ज्याचा साइनस नोड थकला आहे त्याची वाढत नाही. तो बसलेला असताना ठीक, आणि चढावर धापा टाकतो. यावर उपाय म्हणून यंत्रात हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. कार्डावरील शेवटचे आर अक्षर त्याचे. तो सुरू केला किंवा अधिक संवेदनशील केला की माणसाला पुन्हा बाजारहाट करता येते. पण हा सेन्सर पाहतो काय, तर बहुतेक यंत्रांत शरीराला बसणारे हेलकावे आणि कंप. श्रम आणि कंप या दोन गोष्टी एक नव्हेत. जिना उतरताना पाय जोरात आपटतात, म्हणून काही यंत्रे चढताना कमी आणि उतरताना जास्त ठोके देतात! सायकलवर धड जवळजवळ स्थिर असते. पाय कितीही राबले तरी यंत्राला वाटते, स्वारी आरामात बसली आहे. काही यंत्रे श्वासाचा वेग पाहतात, त्यांना नुसते हात झुलविण्यानेही फसविता येते.

आमच्या परिचयाचे खानापूर तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. सेन्सर वाढविल्यावर त्यांना मळ्यापर्यंत चालत जाता येऊ लागले, पण बसमध्ये बसले की छाती धडधडे. घरच्यांनी प्रवासाची भीती असे निदान केले. मास्तरांनी मात्र शिस्तीने वहीत लिहिले: कोणत्या दिवशी, कोठून कोठपर्यंत. जांबोटीहून येताना रस्ता उखडलेला आहे तेवढ्या पट्ट्यातच धडधड, आणि चांगला रस्ता लागताच ती दोन-चार मिनिटांत शांत. ती वही पाहिल्यावर तंत्रज्ञाला फार विचार करावा लागला नाही. संवेदनशीलता एक पायरी उतरविली. मळ्याची वाट राहिली, बसची धडधड गेली. वहीतील त्या चार ओळी नसत्या तर बहुधा सेन्सरच बंद झाला असता, किंवा मास्तरांनी बसने जाणेच बंद केले असते.

तरुण रुग्णांचा प्रश्न वेगळा. जन्मजात दोषामुळे किंवा शस्त्रक्रियेनंतर पेसमेकर बसविलेले विद्यार्थीही महाविद्यालयांत असतात. त्यांचा साइनस नोड उत्तम असतो, फक्त मधला मार्ग तुटलेला. यंत्र कर्णिकेचा प्रत्येक ठोका ऐकून खाली पोहोचविते. परंतु ऐकणे, थांबणे, स्पंद देणे आणि काही काळ कान बंद ठेवणे याला वेळ लागतो. थांबणे २०० मिलिसेकंद आणि कान बंद ३०० मिलिसेकंद असेल तर एका फेरीला ५०० मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त १२० फेऱ्या. मुलगा येळ्ळूरचा राजहंसगड पळत चढू लागला आणि कर्णिकेची गती १२२ झाली, की यंत्राला प्रत्येक दुसराच ठोका ऐकू येतो. नाडी एकाएकी ६१. पाय लटपटतात, डोळ्यांपुढे अंधारी. वरची मर्यादा नीट बसविली तर ही पडझड टाळता येते किंवा हळूहळू होते. पण त्यासाठी त्याने डॉक्टरांना सांगावे लागते की आपण गड चढतो. विश्रांतीच्या खुर्चीवर केलेल्या तपासणीत गड दिसत नाही.

व्हीव्हीआय पद्धतीच्या एकतारी यंत्रात आणखी एक त्रास संभवतो. यंत्र जवनिकेला स्पंद देते, कर्णिकेचे त्याला काही ठाऊक नसते. कर्णिका नेमकी झडप बंद असताना आकुंचन पावली तर रक्त मानेकडे उलटे ढकलले जाते. मानेत ठोके उडतात, धाप लागते, गळाल्यासारखे वाटते. १९६९ पासून वैद्यकात याची नोंद आहे. मूळ गती वाढविल्यावर हा त्रास नव्याने सुरू झाला तर तो सवयीवर सोपवू नये. सेटिंग पुन्हा पाहावे लागते.

रात्रीच्या तक्रारींविषयी थोडे. काही यंत्रांत झोपेच्या वेळी मूळ गती आपोआप उतरविण्याची सोय असते. पहाटे नाडी ५० भरली म्हणून यंत्र बंद पडले असे समजू नये, आधी कार्ड पाहावे. काही यंत्रे रोज ठरलेल्या वेळी, बहुधा रात्रीच, स्वतःची चाचणी घेतात. 'रोज एकाच वेळी छातीत काहीतरी होऊन जाग येते' असे एखादी आजी सांगते आणि घरातले त्याला भास म्हणतात. तिने घड्याळ पाहून वेळ सांगितली, तर तंत्रज्ञाला ती यंत्राच्या वेळापत्रकाशी ताडून पाहता येते.

नाडी मोजायची ती पाच मिनिटे स्वस्थ बसून, मनगटावर, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची आपली सवय येथे फसविते. मध्येच अवेळी येणारा जादा ठोका इतका हलका असतो की मनगटापर्यंत पोहोचतच नाही. मग बोटाला लावायचे साधन ६० ऐवजी ४० दाखविते आणि घबराट उडते. तसा आकडा पुन्हापुन्हा आला तर दवाखान्यात आलेख काढून खात्री करावी. घरी तर्क लढवीत बसू नये.

आमच्या सीमाभागात या सर्वांत भाषेचाही वाटा आहे. रुग्ण मराठीत बोलतो, तंत्रज्ञ कन्नडिग असतो, यंत्राची कागदपत्रे इंग्रजीत. म्हातारी माणसे 'कसेसेच होते' म्हणतात. हा शब्द कोणत्याही भाषेत पोहोचविणे कठीण. 'सुस्ती' म्हटले तर आपल्याला जेवणानंतरची गुंगी अभिप्रेत असते, कन्नडमधील 'सुस्तु' म्हणजे थकवा. शब्द सारखाच ऐकू येतो आणि तक्रार बदलून जाते. धडधड, धाप, घेरी, अंधारी, थकवा हे वेगवेगळे आहेत आणि सेटिंगच्या दृष्टीने त्यांची कारणेही वेगवेगळी असू शकतात. घेरी आली म्हणजे खोली फिरली, की कोसळायला झाले? बसल्यावर, की उठल्यावर? सोबत गेलेल्या नातवंडाने दुभाष्याचे काम करताना आजोबांचे शब्द गाळून स्वतःचा निष्कर्ष सांगू नये. 'त्यांना टेन्शन आहे' हे भाषांतर नव्हे.

बदलानंतर किती वाट पाहायची, याचे उत्तर त्रास कोणता त्यावर आहे. ठोके नुसते जाणवणे, पहिल्या काही रात्री झोप न लागणे, किंचित वेगळे वाटणे, यांना आठवडा-दोन आठवडे द्यावेत आणि रोज दोन ओळी लिहाव्यात. त्रास कमी होत नसेल, किंवा जे काम पूर्वी जमत होते ते आता जमत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करून बोलावे. आकडा पुन्हा बदलणे हे पहिल्याइतकेच सोपे आहे आणि त्यात डॉक्टरांचा उपमर्द होत नाही. मात्र शुद्ध हरपणे किंवा हरपतासे होणे, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, कार्डावरील खालच्या मर्यादेहून नाडी स्पष्टपणे कमी भरणे, ठोक्याबरोबर सतत उचकी किंवा स्नायू उडणे, यांपैकी काही झाले तर वहीत न लिहिता तडक रुग्णालय गाठावे. पाय सुजणे आणि चार दिवसांत वजन वाढणे हेही लगेच कळवावे. यंत्राच्या जागी लाली, सूज किंवा स्राव दिसला तर त्याचा सेटिंगशी संबंध नसतो, पण तोही त्याच दिवशी दाखवावा.

एम.आर.आय. तपासणीपूर्वी काही यंत्रे तात्पुरती वेगळ्या पद्धतीवर ठेवतात. तपासणी झाल्यावर ती पूर्ववत केली का, हे खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी विचारावे. तसेच प्रत्येक भेटीनंतर काय बदलले, किती होते आणि किती केले, हे तारखेसह कार्डावर किंवा छापील अहवालावर मागून घ्यावे. अहवाल इंग्रजीत असतो. घरी आल्यावर त्याखाली रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरांत चार ओळी मराठीत लिहून ठेवाव्यात, आणि मूळ कागदाचे एक छायाचित्र नातवंडाच्या फोनमध्ये असावे.